हुपरी ठाण्याच्या भिंतीवर काय लिहिलेलं असावं?

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
कोल्हापूर जिल्हा, कोल्हापूर



१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्या वेळी चर्चा झाली ती राजद्रोहाची, पोलीस कोठडीच्या दिवसांची आणि घरबसल्या फिर्याद देण्याची. कलम ३७ मात्र कुणाच्या फारसं तोंडी आलं नाही. ते सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमावा, त्याचा दर्जा सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालचा नसावा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि त्यांच्यावरच्या गुन्ह्याचं स्वरूप यांची नोंद त्याने ठेवावी आणि ही माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावलेली असावी, डिजिटल स्वरूपातही चालेल. जुन्या संहितेतल्या ४१-सी कलमात हा फलक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर लावायचा होता. नव्या कायद्याने तो थेट गावच्या ठाण्यापर्यंत आणला. म्हणजे हुपरीच्या माणसाला आपल्या गावातली अटक जाणून घ्यायला कोल्हापूरची एसटी धरण्याची गरज कायद्याने उरलेली नाही.

हे पत्र त्या फलकासाठी आहे.

हुपरीत घरोघरी चांदी असते आणि ती बहुतेकदा त्या घराची नसते. व्यापारी वजन करून चांदी देतो, कारागीर पैंजण नाहीतर जोडवी घडवून परत करतो, मग टंच (चांदीची शुद्धता), घट आणि मजुरीचा हिशेब होतो. या व्यवहारात कागद थोडा आणि शब्द फार. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून दोन-चार किलोंचा शब्द फिरला तरी घर मोडू शकतं. अशा गावात ‘अमक्याला पोलिसांनी उचललं’ ही बातमी रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीपर्यंत मोबाइलवर पोचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. माणूस आरोपी होता, साक्षीला बोलावला होता, की भावकीतल्या कुणाच्या जामिनासाठी सातबारा घेऊन बाकड्यावर बसला होता, हे विचारायला कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात चांदी पडत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू घरच्यांची. साध्या कपड्यातली माणसं आली, गाडीत घालून घेऊन गेली, एवढंच त्यांना माहीत असतं. हुपरीच्या ठाण्यात विचारलं तर ‘आमच्याकडे नाही’. मग ते स्थानिक गुन्हे शाखेचे होते, इचलकरंजीचे होते, की हद्द ओलांडून निपाणीहून आले होते? हुपरी कर्नाटकच्या सीमेला जवळ आहे आणि चांदीचा माल पार सेलम, आग्र्यापर्यंत जातो. त्यामुळे परजिल्ह्यातले, परराज्यातले पोलीस दारात येणं इथे नवलाचं नाही. त्या रात्री त्या घराला वकील नंतर लागतो. आधी एक ठाण्याचं नाव आणि एक वेळ लागते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला तोही एका पत्रानेच. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्यांकडे त्यांनी त्यात लक्ष वेधलं होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल यायला मात्र दहा वर्षं लागली. १८ डिसेंबर १९९६ च्या त्या निकालात अकरा सूचना आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हावा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं, आणि अटकेची माहिती १२ तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन तिथल्या फलकावर ती ठळक लागावी. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात असतील तर ८ ते १२ तासांत तारेने कळवावं, असंही त्यात आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कळवण्याची जबाबदारी बंद झालेली नाही, आणि निपाणीहून हुपरीला निरोप द्यायला आता तारेची गरजही नाही.

फलकाने काय साधतं, असं विचारणारे भेटतात. त्यांनी शेजारच्या सांगलीकडे पाहावं. नोव्हेंबर २०१७ मध्ये लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण सांगली शहर पोलीस ठाण्यातून ‘पळाला’ असं सांगण्यात आलं. तपासात वेगळंच पुढे आलं. मारहाणीत त्याचा मृत्यू झाला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. उपनिरीक्षकासह पोलिसांनाच अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला. भिंतीवरच्या एका ओळीने तो तरुण वाचलाच असता, असा दावा कुणी करू नये. पण त्या प्रकरणाने दाखवून दिलं की ठाण्याची नोंद फक्त ठाण्यातल्याच माणसांनी लिहायची आणि त्यांनीच वाचायची असेल, तर ती कुठल्या थराला जाऊ शकते. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रीकरण दीड वर्ष, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवायला सांगितलं. कॅमेरा आत काय झालं ते सांगेल. आत कोण आहे, हे आधी बाहेर कळायला हवं.

आता ऑनलाइन काय मिळतं ते पाहू, कारण ‘सगळं पोर्टलवर आहे’ हे उत्तर नागरिकाला नेहमी मिळतं.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहता येतात. जिल्हा कोल्हापूर, ठाणे हुपरी, तारीख अमुक ते अमुक, इतकं भरलं की यादी येते. ही सोय कुणाच्या मर्जीने झालेली नाही. युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर चढवावी. इंटरनेटची अडचण असेल तर ४८ तास, दुर्गम भागात फार तर ७२. लैंगिक गुन्हे, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद, बंडखोरी यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले. पण ‘हे संवेदनशील आहे’ हे ठाण्यातल्या कुणीही ठरवायचं नाही. तो अधिकार पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला, नाहीतर जिल्हा दंडाधिकाऱ्याला. एफआयआर संवेदनशील म्हणून मिळाली नाही तर संबंधिताने पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे आपल्याकडे, दाद मागायची आणि आपण तीन अधिकाऱ्यांची समिती नेमून तीन दिवसांत उत्तर द्यायचं. आरोपीला दोषारोपपत्राची वाट न पाहता एफआयआरची प्रत मिळण्याचा हक्कही याच निकालाने पक्का केला. हुपरीत हे किती जणांना ठाऊक असेल? ठाण्यात एका कागदावर मराठीत लिहून लावलं असतं तर ठाऊक झालं असतं.

मात्र एफआयआर ही अटकेची यादी नव्हे, आणि घोटाळा इथेच होतो. एफआयआर ही पहिली खबर. फिर्यादीने जे सांगितलं ते त्यात उतरतं. त्या नमुन्यात ज्ञात, संशयित आणि अनोळखी अशा सगळ्या आरोपींसाठी एकच रकाना आहे. त्यात नाव आलं म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला नाही, त्याला अटक झाली असंही नाही. चांदीच्या अपहाराचाच गुन्हा घेऊ. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली साध्या विश्वासघाताला कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावं, अटक केलीच तर कारणं लिहावीत, हे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ साली ठरलं आणि नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये ती नोटीस आहे. म्हणजे हुपरीतल्या कितीतरी व्यवहारी भांडणांत माणूस नोटिशीवर ठाण्यात जातो, जबाब देतो आणि घरी येतो. गावात मात्र तोवर ‘आत घातला’ झालेलं असतं. पोर्टलवरची एफआयआर ही अफवा खोडू शकत नाही, उलट तिचा छायाचित्रासारखा पुरावा म्हणून वापर होतो. ती खोडायला अटकेचा अधिकृत फलकच हवा, कारण त्यावर नाव नसणं हेही एक उत्तर असतं.

सगळंच उघड करा, अशी मागणी या पत्रात नाही. २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते संकेतस्थळावर टाकता येणार नाही असं सांगितलं. हिस्ट्रीशीटचं, म्हणजे सराईत समजल्या गेलेल्यांच्या पोलिसी नोंदीचंही तसंच. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका आमदाराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही. अल्पवयीन नातेवाइकांची नावं त्यात घालायची नाहीत, आणि कुणी मागास किंवा वंचित जमातीत जन्मला म्हणून त्याची नोंद यांत्रिकपणे करायची नाही.

ही शेवटची ओळ कोल्हापूरने नीट वाचावी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतः पोलिसांच्या वहीत गेली आणि त्यांना रोज हजेरी द्यावी लागली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. देशात तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पोलिसांच्या वहीतली नोंद माणसाच्या पोटावर कशी येते, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकायला नको.

अमेरिकेत याचं दुसरं टोक पाहायला मिळतं. तिथे काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी व्यवस्था आणि तिचा शेरीफ बहुतेक ठिकाणी मतांवर निवडून येतो. अनेक काउंट्यांत तुरुंगात आणलेल्या माणसाचं नाव, आरोप आणि पाटी धरलेला चेहरा काही तासांत संकेतस्थळावर दिसतो. घरच्यांना शोध लागतो, हे खरं. पण त्याच चेहऱ्यांवर खासगी कंपन्यांचा धंदा उभा राहिला: फोटो उचलायचे, आपल्या साइटवर लावायचे आणि काढायचे असतील तर पैसे मागायचे. खटला रद्द झालेला असो की माणूस निर्दोष सुटलेला असो, फोटो तिथेच. कॅलिफोर्नियाने फोटो काढण्यासाठी पैसे घेण्यावर कायद्याने बंदी आणली, ती २०१५ पासून लागू झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी जुलै २०२० मध्ये, लोकांना धोका असल्याशिवाय असे फोटो प्रसिद्ध करणंच थांबवलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर फेब्रुवारी २०२२ मध्ये असं धरलं की आरोप ठेवला जाण्यापूर्वी, नुसत्या तपासाच्या टप्प्यावर असलेल्या माणसाला आपलं नाव खासगी राहील अशी अपेक्षा ठेवता येते.

आपल्याकडे अशी कंपनी लागत नाही. कारवाईनंतरचा फोटो, मध्ये मान खाली घातलेले दोघे, मागे पथक, पुढे टेबलावर मुद्देमाल, हा दर आठवड्याला पेपरात आणि त्याआधी फोनवर येतो. पुढे खटल्याचं काय झालं, याची बातमी क्वचित येते. हा हिशेब हुपरीच्या कुठल्याही पेढीवर चालणार नाही: नावे तेवढं लिहायचं, जमा लिहायचंच नाही.

म्हणून मागणी फलकाची आहे, पण नुसत्या नावांच्या फलकाची नाही. तो मराठीत असावा आणि ठाणे अंमलदाराला न विचारता, बाहेरच्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल अशा जागी असावा. कलमाच्या आकड्यापुढे गुन्हा साध्या शब्दांत लिहावा. ‘कलम ३१६(२)’ पेक्षा ‘विश्वासघात’ हे कुणालाही कळतं. अटकेची तारीख आणि वेळ हवी, कोणत्या न्यायालयात कधी हजर केलं ते हवं. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं बंधनकारक असल्यामुळे ही दोन रकान्यांची जोडी स्वतःच बरंच काही सांगते. सगळ्यात महत्त्वाचा रकाना शेवटचा: जामीन झाला, नाव वगळलं, निर्दोष सुटला. हा रकाना कायद्याने सांगितलेला नाही. तो द्यायला कायद्याची मनाईही दिसत नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून खटल्याची स्थिती पाहता येते, तेव्हा ही माहिती पोलिसांना शोधत बसावी लागेल असंही नाही. ठरावीक मुदतीनंतर नाव फलकावरून आणि संकेतस्थळावरून उतरावं, ही मुदत आपणच जाहीर करावी.

अल्पवयीनांचं नाव फलकावर येताच कामा नये. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याबाबत स्पष्ट आहे. नोटिशीवर बोलावलेल्याचं नाव अटकेच्या यादीत जाऊ नये. एखादी एफआयआर पोर्टलवर टाकली नसेल तर तिचा नुसता क्रमांक आणि ती रोखण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद तेवढं दिसावं. त्यातून पीडितेची ओळख उघड होत नाही आणि क्रमांकांत मध्येच पडलेली फट कशाची, हे कळतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, प्रत्येक गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यावीत, असं सांगितलं. चांदीचा व्यापार हुपरीकरांना दूरदूर फिरवतो आणि दूरच्या कारागिरांनाही इथे आणतो. तेव्हा हे कारणांचं पत्रक मराठीखेरीज कन्नडमध्ये आणि हिंदीतही ठाण्यात तयार असलेलं बरं.

माहितीच्या अधिकारात मागा, असंही सुचवलं जाईल. त्या वाटेला दहा रुपये लागतात, हा काही अडसर नाही. पण महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा, उत्तराला तीस दिवस. जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. अटकेचे पहिले २४ तास निघून गेल्यावर आलेलं उत्तर घरच्यांच्या काय कामाचं? शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, आणि ‘वैयक्तिक’ म्हणून अर्ज परत पाठवणं आता आधीपेक्षा सोपं झालं आहे. जी माहिती मागायची वेळच येऊ नये म्हणून कलम ३७ लिहिलं गेलं, तिच्यासाठी नागरिकाला अर्ज करायला लावणं रास्त नाही.

हे काम खर्चाचं नाही. गुन्ह्यांच्या नोंदी संगणकावर आणणारी सीसीटीएनएस योजना केंद्राने २००९ मध्ये दोन हजार कोटी रुपयांची म्हणून मंजूर केली आणि महाराष्ट्रातली ठाणी २०१५ पासून त्यावर चालतात. हुपरीच्या ठाण्यात झालेली अटक त्यात भरली जातेच. तीच नोंद, दोन रकाने वाढवून, भिंतीवर आणि संकेतस्थळावर आणायची आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळे कलम ३७ ची अंमलबजावणी मागायला कुणाला मुंबईला जावं लागणार नाही. पण त्याची वेळ येऊ नये, अशीच गावाची इच्छा आहे. जे आपल्या एका आदेशाने होण्यासारखं आहे, त्यासाठी याचिका कशाला?

तोवर वाचकांसाठी एवढंच: घरातल्या कुणाला नेलं असेल आणि पत्ता लागत नसेल, तर ११२ वर विचारा, जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा, आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा. फोन केलेली वेळ लिहून ठेवा.

साहेब, सुरुवात एका नावापासून करावी. कलम ३७ खाली हुपरी ठाण्यासाठी नेमलेला अधिकारी कोण, त्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालयीन क्रमांक ठाण्याच्या दारावर लावावा आणि शेवटचा रकाना असलेला फलक किती दिवसांत लागेल ते जाहीर करावं, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक हुपरीकर